महागाई आणि गृहस्थधर्म : पहिली कात्री कोणाच्या वाट्याला?

आजकाल चार गृहस्थ एकत्र जमले की बोलण्याचा ओघ महागाईकडे वळल्यावाचून राहत नाही. डाळीचा भाव, दुधाचा भाव, घराचे भाडे, मुलांची फी, वृद्धांची औषधे, जाण्यायेण्याचा खर्च, असा एकेक विषय निघतो आणि शेवटी एक दीर्घ निःश्वास टाकून मंडळी उठतात. हे बोलणे निराधार आहे असे कोण म्हणेल? मोठ्या शहरात मर्यादित प्राप्तीवर कुटुंब चालविणे ही आज खरोखरच एक तपश्चर्या झाली आहे. परंतु मनुष्य जेव्हा केवळ कुरकुर करून थांबतो, तेव्हा त्याचे दुःख दुप्पट होते. हवी ती वस्तू तर मिळत नाहीच, शिवाय मनाची शांतीही हातची जाते. आणि जेव्हा तो म्हणतो, ‘आधी पोटाची सोय लागू द्या, मग धर्माचे पाहू’, तेव्हा तर त्याची हानी तिप्पट होते. कारण धर्माची खरी गरज संकटाच्याच वेळी असते. सुबत्तेच्या दिवसांत धर्म पाळणे फारसे अवघड नसते.

गीतेचा उपदेश अरण्यातील शांत आश्रमात झाला नाही, तर तो दोन सैन्यांच्या मध्यभागी झाला. तो ज्याला झाला तो संन्यासी नव्हता. आप्तेष्ट, गुरुजन आणि कर्तव्य यांच्या पेचात सापडलेला तो एक गृहस्थ होता. म्हणून गृहस्थाच्या हिशेबाच्या वहीलाही गीता परकी नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेस वेतन हातात आल्यावर आणि विसाव्या तारखेस ते संपत आल्यावर मनुष्य जे निर्णय घेतो, त्या निर्णयांतच त्याच्या अध्यात्माची परीक्षा होत असते.

या विचारासाठी आपण राजधानी दिल्लीतील पहाडगंज हा भाग डोळ्यांसमोर आणू. ‘गंज’ म्हणजे पेठ, बाजार. मोगल काळात शहराच्या तटाबाहेर, अजमेरी दरवाजापलीकडे, धान्याची जी मोठी पेठ होती ती हीच. म्हणजे धान्याच्या भावाचा चढउतार या भूमीने कित्येक पिढ्या पाहिला आहे. १९४७ साली फाळणीनंतर घरदार गमावून आलेली असंख्य कुटुंबे याच गल्ल्यांतून वसली. एका खोलीत आठ-दहा माणसे राहिली आणि रस्त्याच्या कडेला पथारी मांडून त्यांनी पुन्हा संसार उभे केले. नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी माणसालाही हा भाग अपरिचित नाही. येथेच बृहन्महाराष्ट्र भवन आहे, येथेच नूतन मराठी विद्यालय आहे. नवी दिल्ली स्थानक जवळ असल्यामुळे येथे प्रवाशांची सतत वर्दळ असते, आणि जेथे वर्दळ तेथे जागेला भाव. जी खोली एखाद्या कुटुंबाला आसरा देऊ शकली असती, तिला लॉज म्हणून अधिक प्राप्ती होते. मग साध्या भाडेकरूला ती कशी परवडावी?

येथे एक विशेष गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९५८ च्या दिल्ली भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिले. परंतु १९८८ च्या दुरुस्तीनंतर दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाडे असलेल्या जागा त्या संरक्षणातून वगळल्या गेल्या. त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच जिन्यावर, एक कुटुंब पूर्वजांच्या काळचे नाममात्र भाडे देत राहते, तर समोरच्या खोलीत नव्याने आलेले कुटुंब त्याच्या कित्येक पट भाडे भरते. दोघांचे वेतन सारखे असले तरी दोघांची महागाई सारखी नसते. म्हणून ‘आम्ही नाही का भागवत? यांनाच का पुरत नाही?’ असे शेजाऱ्याविषयी बोलण्यापूर्वी मनुष्याने शंभरदा विचार करावा. दुसऱ्याच्या ओझ्याचे वजन आपल्या खांद्यावरून कळत नाही.

आता महागाई म्हणजे नेमके काय, हे स्वच्छ पाहू. भाव जर दरवर्षी शेकडा सहा या गतीने वाढत गेले, तर सुमारे बारा वर्षांत ते दुप्पट होतात. ज्याचे उत्पन्न त्याच गतीने वाढते त्याला ही वाढ केवळ खुपते, पण ज्याचे उत्पन्न जागच्या जागी राहते त्याचे ताट खरोखरच अर्धे होते. निवृत्त मनुष्य, विधवा भगिनी, रोजंदारीवरील मजूर, लहान दुकानातील नोकर यांची अवस्था अशी आहे. यांना ‘इच्छा कमी करा’ असा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. त्यांच्या बाबतीत महागाई हा मनाचा दोष नाही, ती प्रत्यक्ष पीडा आहे, आणि पीडा दूर करणे हाच तेथे धर्म आहे.

परंतु मध्यम स्थितीतील गृहस्थाने मात्र आपल्या खर्चाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. केंद्र सरकारने केलेल्या २०२३-२४ च्या घरखर्चाच्या पाहणीत शहरी भागातील दरमाणशी मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये आढळला, आणि त्यात अन्नाचा वाटा शेकडा सुमारे ४० होता. १९९९-२००० साली हाच वाटा शेकडा सुमारे ४८ होता. याचा अर्थ, खर्चाचे ओझे हळूहळू स्वयंपाकघरातून बाहेर सरकत आहे. ते वाहनात, उपकरणांत, मनोरंजनात, मुलांच्या शिक्षणात, औषधोपचारात जात आहे. यांपैकी काही खर्च खरोखर अपरिहार्य आहेत, तर काही शेजाऱ्याकडे पाहून अपरिहार्य वाटू लागले आहेत. म्हणून ज्याला आपण एका शब्दात महागाई म्हणतो, तिच्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली भाव, दुसरी गरज, तिसरी हाव. भाव वाढणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. त्याला तोंड द्यायचे ते दहा जणांनी मिळून. गरज वाढणे हे वयाचे, कुटुंबाचे आणि काळाचे लक्षण आहे, त्यासाठी आधीपासून योजना हवी. आणि हाव वाढणे हे सर्वस्वी आपले स्वतःचे कर्तृत्व आहे, तिचा दोष बाजाराला देता येत नाही. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी दाखविले आहे की विषयाच्या नुसत्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, आणि कामना अडली की क्रोध, अशी साखळी मनुष्याला कोठवर ओढून नेते. आज त्या चिंतनासाठी बाजारात जावे लागत नाही. हातातील मोबाइल अंथरुणापर्यंत बाजार घेऊन येतो.

हे झाले महागाईचे स्वरूप. पण या लेखाचा मुख्य विषय याहून पुढचा आहे. खर्च वाढला आणि प्राप्ती वाढली नाही, तर कोठे तरी कात्री लावावीच लागते, यात मतभेद नाही. प्रश्न असा आहे की ती कात्री प्रथम कोणाच्या वाट्याला लागते?

सज्जनहो, आपण आपापल्या घरी थोडे अंतर्मुख होऊन पाहा. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या वाट्याला कात्री सर्वांत शेवटी लागते, आणि जो बोलत नाही त्याच्या वाट्याला सर्वांत आधी. कर्त्या पुरुषाचा चहा, पानसुपारी, सिगारेट, बाहेरचे खाणे चालूच राहते. मुलाचा हट्ट कसाबसा पुरविला जातो. पण वृद्ध मातेची गोळी रोजची होती ती एक दिवसाआड होते, कारण ती म्हणते, ‘मला आता बरे वाटते आहे हो.’ गृहिणीच्या ताटातील भाजी नाहीशी होते, कारण ती सर्वांत शेवटी बसते आणि कोणी पाहत नाही. मुलीचे दूध मुलाच्या दुधाआधी कमी होते. भांडी घासणाऱ्या बाईने शंभर रुपये वाढवून मागितले तर ‘आम्हालाच पुरत नाही’ असे उत्तर मिळते. त्या बाईलाही त्याच बाजारातून, त्याच भावाने डाळ घ्यावी लागते, हे आपल्या ध्यानातही येत नाही. दाराशी आलेला अतिथी भार वाटू लागतो. दानधर्माची रक्कम तर वहीतून केव्हा नाहीशी झाली हे आठवतही नाही. आणि एवढे सगळे करून आपण म्हणतो की आम्ही काटकसरीने राहतो!

ही काटकसर नव्हे. हे आपल्या भोगाचे मूल्य दुसऱ्याकडून वसूल करणे आहे. काटकसर आणि कृपणता बाहेरून सारख्या दिसतात, कारण दोन्हींत पैसा वाचतो. भेद इतकाच की काटकसरीत मनुष्य स्वतःच्या सुखातून वाचवितो, आणि कृपणतेत तो दुसऱ्याच्या हक्कातून वाचवितो. पहिली तप आहे, दुसरी चोरी आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचा जो विचार आला आहे, त्याचे मर्म येथे आहे. तेथे भगवंत सांगतात की ही सृष्टी परस्परांच्या देण्यावर चालते. जो सर्वांचा भाग देऊन उरलेले सेवन करतो तो निर्दोष राहतो, आणि जो केवळ स्वतःसाठी शिजवितो तो अन्नाच्या रूपाने पापच ग्रहण करतो. पुष्कळांची अशी समजूत असते की यज्ञ म्हणजे अग्नीत तूप टाकणे, आणि तूप महाग झाले म्हणून यज्ञ राहिला. परंतु गृहस्थाच्या घरी यज्ञ रोज चालू असतो. वृद्धांना वेळेवर औषध देणे हा यज्ञ आहे. मोलकरणीला तिचे वेतन न कुरकुरता, ठरल्या दिवशी देणे हा यज्ञ आहे. सर्वांचे वाढून झाले का, हे पाहून मग स्वतःच्या ताटाकडे वळणे हा यज्ञ आहे. महागाईत या यज्ञाचे साहित्य थोडे होईल, पण त्याचा क्रम बदलता कामा नये.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात मुंगुसाची जी कथा आहे, ती या दृष्टीने प्रत्येक गृहस्थाने मनन करण्यासारखी आहे. युधिष्ठिराचा अश्वमेध पूर्ण झाला, अपार दान झाले, सर्वत्र स्तुती चालली असता एक मुंगूस तेथे आले. त्याचे अर्धे अंग सोन्याचे होते. ते म्हणाले की हा यज्ञ कुरुक्षेत्रातील एका दरिद्री ब्राह्मणाच्या शेरभर सातूच्या पिठाचीही बरोबरी करू शकत नाही. ते कुरुक्षेत्र दिल्लीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच आहे. तेथे एकदा घोर दुष्काळ पडला. शेतात सांडलेले दाणे वेचून निर्वाह करणाऱ्या त्या ब्राह्मणाच्या घरी तो स्वतः, पत्नी, पुत्र आणि सून अशी चार माणसे होती. बऱ्याच उपवासांनंतर थोडे जव मिळाले. त्यांचे सातूचे पीठ करून त्याचे चार समान भाग केले, तोच दारात अतिथी उभा राहिला. ब्राह्मणाने आपला भाग त्याच्यापुढे ठेवला. अतिथीची भूक भागली नाही. तेव्हा पत्नीने आपला भाग देऊ केला. तो घेताना पतीचा जीव कासावीस झाला. पत्नीचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य असताना तिच्याच तोंडचा घास कसा काढावा, असे त्याला वाटले. तिने आपण धर्मात समभागी आहोत असे सांगून आग्रह केला, तेव्हाच त्याने तो भाग उचलला. मग पुत्राने आपला भाग दिला. शेवटी सुनेने दिला, आणि तिचा भाग घेतानाही सासऱ्याचे मन फार कचरले, कारण ती वयाने लहान आणि उपवासाने क्षीण झालेली होती. तो अतिथी म्हणजे साक्षात धर्म होता. त्या सांडलेल्या पिठाच्या कणांत मुंगूस लोळले आणि त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले. राजाच्या यज्ञात मात्र उरलेले अर्धे अंग तसेच राहिले.

या कथेतील औदार्य आपण नेहमी पाहतो. तिच्यातील क्रमही पाहावा. पहिला भाग कोणाचा गेला? कर्त्या पुरुषाचा. शेवटचा कोणाचा? घरात सर्वांत लहान आणि सर्वांत दुबळ्या असलेल्या सुनेचा. आणि तिचा भाग कोणी मागितला नाही. तिने दिला तेव्हाही घेणाऱ्याचा हात थरथरला. आज आपल्या घरी हाच क्रम उलटा झालेला नाही ना? जेथे सुनेच्या ताटापासून काटकसर सुरू होते आणि कर्त्याच्या व्यसनाजवळ ती थांबते, तेथे कितीही पारायणे झाली तरी कोणाचे अंग सोन्याचे होणार नाही.

महाराष्ट्राला या धर्माचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. श्री तुकाराम महाराज हे देहूचे वाणी, म्हणजे भाव, उधारी आणि हिशेब यांच्यातच वाढलेले. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला त्यात त्यांचा व्यापार बुडाला आणि प्रथम पत्नी अन्नावाचून मृत्यू पावली. ज्याच्या घरात इतके घडले, त्याने आपले येणे सक्तीने वसूल केले असते तर जगाने नावे ठेवली नसती. परंतु परंपरा सांगते की त्यांनी घरातील कर्जखतांचे दोन भाग केले. धाकट्या भावाच्या वाट्याचे त्याला दिले, त्याच्यावर आपली विरक्ती लादली नाही, आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. येथेही तोच विवेक आहे. त्याग करायचा तो स्वतःच्या वाट्याचा, भावाच्या वाट्याचा त्याग आपण करू नये. ज्यांच्याकडे घर भाड्याने द्यावयाचे आहे, ज्यांचे कोणाकडे येणे आहे, त्यांनी या प्रसंगाचे चिंतन करावे. सर्वांनाच खते नदीत बुडविणे शक्य होणार नाही. पण अडलेल्या भाडेकरूला दोन महिन्यांची सवलत देणे, किंवा वर्षअखेरीस भाडे वाढविताना त्याच्या मुलांकडे एकवार पाहणे, हे कोणालाही शक्य आहे.

अलीकडच्या काळातही याच दिल्लीत एक उदाहरण घडले. १९६५ साली देशात धान्याची टंचाई होती आणि परदेशी गव्हावर अवलंबून राहण्याची पाळी आली होती. तेव्हा पंतप्रधान श्री लालबहादूर शास्त्री यांनी देशवासीयांना आठवड्यातून एक वेळ, सोमवारी रात्री, भोजन वर्ज्य करण्याचे आवाहन केले. देशाला सांगण्यापूर्वी त्यांनी तो नियम आपल्या घरी सुरू केला. त्या आवाहनाला लोकांनी उदंड प्रतिसाद दिला, याचे कारण उघड आहे. ज्याने पहिली कात्री स्वतःच्या ताटाला लावली त्याच्या शब्दाला वजन होते. घरातील कर्त्यालाही हाच नियम लागू आहे. मुलांना ‘खर्च कमी करा’ असे सांगण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने आधी आपला खर्च कमी केला आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘हे सर्व ठीक, पण भाव वाढविणारे व्यापारी आणि सरकार यांना सोडून तुम्ही गरीब गृहस्थालाच उपदेश करता.’ ही शंका योग्य आहे. गीता अन्याय मुकाट्याने सोसण्यास सांगत नाही. तसे असते तर अर्जुनाला धनुष्य उचलण्यास सांगितलेच नसते. साठेबाजी करणे, वजनात मारणे, भेसळ करणे हा निःसंशय अधर्म आहे, आणि त्याला विरोध करणे हे कर्तव्य आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मुंबईत श्रीमती मृणाल गोरे, श्रीमती अहिल्या रांगणेकर आदी भगिनींच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. ज्यांच्या ताटातील घास सर्वांत आधी कमी होतो, त्यांनीच तो आवाज उठविला. त्यात काहीही गैर नव्हते. दिल्लीतही १९९८ साली कांदा इतका महागला की नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत तो एक मोठा प्रश्न झाला आणि सत्तारूढ पक्षाला पायउतार व्हावे लागले.

पण त्याच कांद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तो पुष्कळसा नाशिक जिल्ह्यातून, लासलगावसारख्या बाजारपेठांतून येतो. दिल्लीच्या गृहिणीला कांदा स्वस्त मिळावा म्हणून ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात बंद करण्यात आली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात शहरात समाधान होते, पण नाशिककडचा शेतकरी मात्र पडलेल्या भावाने हवालदिल झाला होता. म्हणजे आपल्याला जी स्वस्ताई वाटते, ती कोणाच्या तरी घरची उपासमार असू शकते. म्हणून धर्मशील मनुष्य नुसते ‘स्वस्त मिळो’ अशी इच्छा करीत नाही, तर ‘पिकविणाऱ्याला न्याय्य मिळो आणि खाणाऱ्याला परवडो’ अशी इच्छा करतो. मधल्या साखळीत जो अन्याय असेल तो दूर व्हावा यासाठी झटतो. आणि भाजीवालीशी घासाघीस करताना तिच्या टोपलीतील शेवटची जुडी फुकट मागत नाही.

दुसरी एक शंका याहून कठीण आहे. ‘आमच्याजवळ कमी करण्यासारखे काही उरलेच नाही. पहिली कात्री कोठे लावायची?’ असे ज्यांचे म्हणणे आहे, त्यांना उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांना इतकेच सांगावेसे वाटते की संकटात साहाय्य घेणे हा कमीपणा नव्हे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे पात्र कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते. हा आपला हक्क संकोचाने सोडू नये. आणि ज्याला त्याची आवश्यकता नाही त्याने तो खोट्या कागदाने घेऊ नये. देणाऱ्यानेही उपकाराची भाषा बोलू नये. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण हेच सांगितले आहे की ते कर्तव्य म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिले जाते. शेजारच्या घरी तीन दिवस चूल नीट पेटत नाही, हे कळूनही आपण न कळल्यासारखे केले, तर आपली पूजा देवापर्यंत कशी पोहोचावी?

आता दैनंदिन आचरणासाठी काही नियम लिहितो. ज्याला जितके जमतील तितके त्याने घ्यावेत, पण जे घ्यावेत ते निष्ठेने पाळावेत.

(१) महिन्याच्या आरंभी घरातील सर्वांनी, मुलांसह, एकत्र बसून हिशेब पाहावा. उत्पन्न आणि कर्ज पत्नीपासून लपवू नये. लपविलेल्या कर्जाने घरे मोडतात.

(२) चार वाट्यांना कधीही कात्री लावू नये : वृद्धांचे औषध, बालकांचे दूध व शिक्षण, घरातील स्त्रीचे ताट आणि घरी काम करणाऱ्यांचे वेतन. पहिली कात्री कर्त्याने आपल्या सर्वांत आवडत्या भोगाला लावावी.

(३) आठवड्यातून निदान काही वेळा घरातील सर्वांनी, गृहिणीसह, एकाच वेळी जेवावयास बसावे. मग कोणाच्या ताटात काय आहे हे आपोआप दिसेल.

(४) ऋतूप्रमाणे खावे. दिल्लीच्या हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, गाजर मुबलक असतात, ते सोडून अवेळीच्या महाग भाजीचा हट्ट धरू नये. भाकरी-पिठल्याने कोणाची प्रतिष्ठा जात नाही. ताटात टाकलेले अन्न हीच सर्वांत मोठी महागाई होय.

(५) पाच-दहा कुटुंबांनी मिळून धान्य, मसाला, भाजी घाऊक बाजारातून आणावी. पहाडगंजहून खारी बावली दूर नाही, आणि आझादपूरची भाजी-मंडईही याच शहरात आहे. सहकाराची ही वाट जुनी आहे. दिल्लीत केंद्रीय भांडार १९६३ साली याच हेतूने सुरू झाले. मात्र अफवा ऐकून गरजेपेक्षा अधिक साठा घरात भरू नये. ती साठेबाजीच होय, मग ती दुकानात होवो वा माळ्यावर.

(६) भोगासाठी आणि समारंभातील दिखाव्यासाठी कर्ज काढू नये. मोबाइलवर क्षणात मिळणारे कर्ज क्षणात फिटत नाही. हप्त्याने आणलेली वस्तू घरात येते, पण झोप घराबाहेर जाते.

(७) आचार्य विनोबांनी सर्वोदय-पात्राची प्रथा सुचविली होती. घरातील लहान मुलाच्या हाताने रोज एक मूठ धान्य समाजासाठी बाजूला ठेवावे. कितीही तंगी असली तरी एक मूठ निघते. मुलाच्या हाताला देण्याची सवय लागते, हा त्याचा मोठा लाभ आहे.

(८) देवाच्या नावाने होणारा खर्चही साधा असावा. नवव्या अध्यायात भगवंतांनी स्वतःच आपली अपेक्षा किती अल्प आहे ते सांगून ठेवले आहे. भक्तीने वाहिलेल्या पाना-फुलाने, फळाने, पाण्यानेही ते संतुष्ट होतात. गणपतीसाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

या नियमांनी बाजारातील भाव उतरतील काय? नाही उतरणार. भगवंतांनी भक्तांचा योगक्षेम वाहण्याचे आश्वासन दिले आहे, त्याचा अर्थ डाळ स्वस्त होईल असा करू नये. अप्राप्ताची प्राप्ती आणि प्राप्ताचे रक्षण, असा योगक्षेमाचा अर्थ आहे. गृहस्थाला जे सर्वांत मोलाचे प्राप्त झालेले आहे ते म्हणजे घरातील परस्परांचे प्रेम आणि विश्वास. महागाई धान्याच्या डब्यातून घरात शिरते, आणि तिला अडविले नाही तर ती माणसांच्या मनापर्यंत पोहोचते. मग पती-पत्नींत कलह होतो, मुलगा आईच्या औषधाचा हिशेब करू लागतो, भाऊ भावाकडे जाणे टाळतो. जेथे पहिली कात्री प्रत्येकजण आपल्या वाट्याला लावू पाहतो, तेथे मात्र हीच तंगी माणसांना जवळ आणते. पती म्हणतो, ‘माझे राहू दे’, पत्नी म्हणते, ‘आधी तुमचे’, मुले ते पाहतात आणि न शिकविता शिकतात. अशा घरात थोडेसे पीठही पुरून उरते. १९४७ साली सर्वस्व गमावून पहाडगंजच्या गल्ल्यांत आलेल्या कुटुंबांना एका खोलीत दिवस काढता आले, ते घासातला घास देणारे हात घरात होते म्हणूनच.

म्हणून बंधू-भगिनींनो, आज रात्री जेवावयास बसताना इतकेच करा. आपल्या ताटाकडे पाहण्याआधी घरातील सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीच्या ताटाकडे पाहा. तेथे काही कमी असेल तर आपल्या ताटातून ते भरून काढा. हा यज्ञ आहे, यास मुहूर्त लागत नाही आणि खर्चही लागत नाही. भगवान श्रीकृष्ण आपणा सर्वांना वाटून खाण्याची बुद्धी, न्यायासाठी उभे राहण्याचे धैर्य आणि आहे त्यात शांत राहण्याचे बळ देवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.